माळढोक आणि बोलती गाडी

सृष्टी ज्याला हाक मारते त्यालाच ती आपले खरे रूप दाखवते, असे थोर माणसे सांगत आली आहेत. मला ही हाक सेनगावच्या पुढच्या माळावर ऐकू आली, भर सकाळी आणि अगदी खणखणीत. फक्त ती एका गाडीवानाने आपल्या डाव्या बैलाला मारलेली होती. मी मध्ये सापडलो इतकेच.

त्या वेळी मी हिंगोलीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. राज्य निजामाचे, शाळेची भाषा उर्दू, आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. चित्र काढायला कोणतीच भाषा लागत नाही, म्हणून मला ती नोकरी जमून गेली होती. गोरेगावच्या शाळेच्या भिंतीवर राज्याचा नकाशा रंगवायचा होता. हेडमास्तरांनी मला रंगाच्या डब्यांसकट एका बैलगाडीत बसवून तिकडे रवाना केले. गाडीवान साठीचा, पांढऱ्या दाढीचा. त्याची वस्ती माळाच्या कडेलाच होती, आणि सगळा मुलूख त्याला चाचा म्हणत असे. भाडे मिळाले की भाडे, नाही तर माळावरचे गवत, अशी त्याची गाडी रोज त्याच वाटेने जायची.

चाचा सारखा बोलत असे. माझ्याशी नव्हे, बैलांशी. विषय एकच, त्याचा व्याही. व्याह्याने लेकीला दोन ईदांना माहेरी पाठवले नव्हते, आणि या गोष्टीचा न्याय चाचा रोज जुवाखालच्या दोघांपुढे मागत होता.

"ईदला पाठवत न्हाई, उरसाला पाठवत न्हाई. मंग लेकरू माहेरी यायचं कवा? तूच सांग, बराबर हाय का हे?"

डावा बैल जरा रेंगाळला की चाचा त्याच्यावर व्याह्याची बाजू घेतल्याचा आळ घेई. मी ज्या हाकेचे वर मोठ्या आदराने नाव घेतले, ती अशाच एका आरोपाची सुरुवात होती.

ती हाक ऐकून मी मान वर केली, आणि तरवडाच्या झुडपाआडून एक पक्षी बाहेर आला. शेळीच्या उंचीचा. मान पांढरीशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, पाठ वाळल्या गवताच्या रंगाची. पाऊल उचलायचा, क्षणभर विचार करायचा आणि मग टेकवायचा. मोठ्या लोकांचा डौल मी पुष्कळ पाहिला होता. त्यांच्या मागेपुढे चोपदार असत, आणि चोपदार काढून घेतले तर डौलही जाईल अशी मला नेहमी शंका येई. या पक्ष्यामागे कोणी नव्हते, आणि कोणी हवे आहे असेही त्याला वाटत नव्हते. पन्नास पावलांवरून आमची गाडी चालली होती. त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

माझ्या पिशवीत कॅमेरा होता. मी गाडीतून उडी मारली. माझे दोन्ही पाय जमिनीला लागले आणि त्याचे दोन्ही सुटले. एवढा जड पक्षी, पण पंखांच्या चार फटकाऱ्यांत तो बोरींच्या वरून निघून गेला.

चाचाने कासरा ओढला. "खाली काहून उतरले, मास्तर?"

"फोटो काढायचा होता."

"त्येला गाडी म्हाईत हाय, बैल म्हाईत हाय, म्या म्हाईत हाय. तुमी त्येचे कोन?"

मी कॅमेरा पिशवीत ठेवून पुन्हा गाडीत चढलो. चाचा त्याला हूम म्हणत होता. पुस्तकात तो माळढोक होता. नाव कोणतेही असो, गोरेगावच्या भिंतीवर मी त्या आठवड्यात जो नकाशा काढला, त्यात किनाऱ्यापाशी एक वळण त्या पक्ष्याच्या मानेसारखे आले आहे. ज्या राज्याला समुद्र नाही त्याला मी किनारा कसा दिला, हे कोणी विचारले नाही.

कॅमेऱ्याचेही सांगायला हवे. रस्त्याच्या कामावरचा एक ओव्हरसियर बदलून जाताना तो मला देऊन गेला होता. भात्यासारखा उघडणारा, घडी करता येणारा, आणि एका रोलात आठ फोटो घेणारा. यात माणसे काळी येतात, अशी ओव्हरसियरची तक्रार होती. मला माणसांची गरजच नव्हती. आमच्या गावात फोटो म्हणजे खुर्चीवर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे वटारून काळाकडे पाहणे. मला जे पाहिजे होते ते खुर्चीवर बसत नसे. कयाधूच्या काठचा खंड्या, विहिरीतल्या सुगरणी, रानातला एखादा लांडगा. हे सगळे मी टिपले होते, म्हणजे ते जिथून नुकतेच निघून गेले होते त्या जागा टिपल्या होत्या. हेडमास्तरांनी एकदा सगळे फोटो मन लावून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, बाभळी छान येतात तुमच्या."

आता मात्र मला एक ठरलेली जागा, ठरलेला पक्षी आणि त्या पक्ष्याशी ओळख असलेला एक गृहस्थ मिळाला होता. दर गुरुवारी शाळा सुटली की मी सेनगावकडे निघे, चाचाच्या वस्तीवर मुक्काम करी आणि शुक्रवारी सकाळी आम्ही माळावर जात असू. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला चाचाला मशिदीत पोचायचे असे. तेवढ्या वेळात जे व्हायचे ते व्हायला हवे.

रीत चाचानेच शिकवली. पक्ष्याकडे सरळ जायचे नाही. त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरायचे आणि दर फेरीला दहा-वीस पावले आत सरकायचे. त्याच्याकडे पाहायचेही नाही. आपण गवताला निघालो आहोत आणि गवत नेमके त्याच्या पलीकडे आहे, असा चेहरा ठेवायचा. मी गवताच्या पेंढ्यांमध्ये आडवा पडून कॅमेरा बाहेर काढी. पहिल्या रोलात आठही फोटो हलले. गाडी हिंदकळत होती, त्याला मी काय करणार? एका फोटोत माळढोकाला तीन माना आल्या.

बायकोने तो उजेडात धरला. "हा रावण आहे का?"

"माळढोक आहे."

"बरं. आणि उद्या न्हाणीत आंघोळी करायच्या की पक्षी धुवायचे, तेवढं आधी सांगत जा."

आमची न्हाणी हीच माझी अंधारी खोली होती. खिडकीला गोधडी, फटींना चिंध्या, आणि लाल कागद लावलेला कंदील. पहाटे विहिरीचे पाणी गार असे तेव्हाच फिल्म धुवायची. उन्हे वर आली की पाणी तापे आणि फिल्मवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून येई.

तर फोटो हलू नये म्हणून गाडी थांबवायला हवी, आणि गाडी थांबली की पक्षी उडतो, असा पेच होता. निदान मला तसे वाटत होते. याच सुमारास चाचाची दाढ दुखायला लागली. एका शुक्रवारी तो गालाला पांढरे फडके बांधून आला आणि कण्हण्यापलीकडे काही बोलेना. पक्षी दोनशे पावलांवरून उडाला. मी दोष फडक्याला दिला. पुढच्या शुक्रवारी फडके नव्हते, ठणका होता. पक्षी पुन्हा दोनशे पावलांवरून उडाला. मी दोष वाऱ्याला दिला. तिसऱ्या शुक्रवारी दाढ शांत झाली होती, आणि त्यातच व्याह्याकडून निरोप आला होता की मुलगी आता थेट पुढच्या ईदला येईल. चाचा वस्तीवरून निघाला तोच तोंड उघडून. आम्ही चाळीस पावलांवर गेलो तरी माळढोक आपला नाकतोडे टिपत होता.

मी पेंढ्यांमध्ये उठून बसलो. इतकी साधी गोष्ट, आणि मी दोन महिने वारा, रंग, सावल्या यांची टिपणे करीत होतो. त्या पक्ष्याची ओळख गाडीशी नव्हती आणि बैलांशीही नव्हती. तो चाचाच्या तक्रारीला ओळखत होता. ती तक्रार चालू आहे तोवर जगात सगळे ठीक आहे, अशी त्याची समजूत होती. माळावर कित्येक वर्षे तो तेच ऐकत आला होता. चाचाच्या घरची बित्तंबातमी त्याला माझ्यापेक्षा जास्त असणार.

खात्री करून घ्यावी म्हणून मी एकदा चाचाला गप्प बसवून स्वतः बोलून पाहिले. काही सुचेना, म्हणून पाढे म्हटले. एकोणतिसाच्या पाढ्याला पक्षी उडाला.

"पाडा चुकला असंल," चाचा म्हणाला.

मग गाडी थांबवून पाहिली. चाचा खाली उतरला, चाकाला वंगण लावल्यासारखे करीत राहिला आणि व्याह्याच्या थोरल्या भावावर आला. पक्षी जागचा हलला नाही. गाडी उभी, आवाज चालू. हेच हवे होते. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्मच नाही याचे दुःख मला परतीच्या वाटेवर झाले.

पुढचा शुक्रवार श्रावणातला. एक सर येऊन गेली होती आणि लख्ख ऊन पडले होते. माळाच्या उंचवट्यावर माळढोक उभा होता, पण हा आमचा रोजचा माळढोक नव्हता. त्याने शेपूट पाठीवर उलटे उभारले होते, पंख पाडले होते, आणि गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत पार पायांपर्यंत आली होती. भरलेली पखाल कोणी गळ्यात अडकवावी तशी. मग त्या पखालीतून आवाज निघाला. हूऽऽम. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी बोलावे तसा. तो कानांना ऐकू येण्याआधी गाडीच्या साटाच्या फळ्यांतून माझ्या छातीला ऐकू आला.

पहिली फेरी, दुसरी, तिसरी. तो मादीसाठी नाचत होता. ती कुठे होती ते मला शेवटपर्यंत दिसले नाही. साठ पावले. चाळीस. पंचवीस. चाचाने गाडी उभी केली, खाली उतरला आणि चाकाशी बसला. मी कॅमेरा पेंढीवर टेकवला. त्याच्या छोट्या काचेत डावे-उजवे उलटे दिसते. मी पक्ष्याला गाठायला जाई तो तो काचेतून उलट्या बाजूला निघून जाई. पंधरा वर्षे मुलांना सरळ रेघ मारायला शिकवणारा माणूस मी, आणि मला वीतभर लांबीचा कॅमेरा सरळ धरवेना.

एवढ्यात चाचा गप्प झाला.

"चाचा, बोलत राहा," मी पेंढ्यांतून पुटपुटलो.

"काय बोलू? समदं सांगून झालं."

माळढोकाची मान आमच्याकडे वळली. पिशवी जरा आक्रसली.

"पहिल्यापासून सांगा."

चाचाने एक उसासा टाकला. "तर बैलांनो, मंगनीच्या दिशी काय झालं, की हा मानूस आला तोच मुळी दुपार करून आला."

मान परत फिरली. पिशवी पुन्हा फुगली. मंगनीपासून लग्नातल्या बिर्याणीत मीठ कमी पडल्याच्या वादापर्यंत मी सहा फोटो काढले. सातव्याला पक्षी उंचवट्यापलीकडे उतरला. मी उताणा पडून आभाळाकडे पाहत राहिलो. चाचाने बैल हाकले तेव्हा तो लेकीच्या पाठवणीवर आला होता आणि त्याचा आवाज खरेच जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीत फिल्म पाण्यातून वर काढली आणि कंदिलासमोर धरली. उलट्या रंगात, काळ्या पिशवीचा, पांढऱ्या टोपीचा, पण तोच. एकाच मानेचा. मी ओरडलो. बायको धावत आली, तिला वाटले विंचू चावला. तिला फिल्म दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "याच्या गळ्याला काय झालंय?" माझ्या कामाची तिने प्रथमच चौकशी केली होती.

अंगणात उन्हात चौकट ठेवून कागदावर फोटो उतरवला. कागद हळूहळू तांबूस झाला आणि त्यातून पक्षी वर आला. अंगठ्याच्या नखाएवढा. पुढे मला लांब पल्ल्याची भिंगे मिळाली, माझ्या फोटोंतले प्राणी मोठे मोठे होत गेले. आयुष्यभर मी या नादात हिंडलो. पण त्या नखाएवढ्या पक्ष्याने मला जे वेड लावले ते पुढे एखाद्या वाघालाही जमले नाही.

आणि मग मी ते केले जे शहाण्याने करू नये. तो फोटो खिशात घालून गावभर फिरलो. शाळेत दाखवला, औषधाच्या दुकानात दाखवला, चहाच्या हॉटेलात दाखवला. कुठे काढला म्हणून कोणी विचारले की माळ सांगितला, उंचवटा सांगितला, चाचाचे नाव सांगितले. कोणी विचारले नाही तरी सांगितले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती व्याह्याची. मोठ्या कौशल्याने काढलेल्या फोटोमागे एका म्हाताऱ्याची घरगुती कटकट आहे, हे माझ्या मोठेपणाला शोभले नसते.

थोड्याच दिवसांत एक मोठे साहेब दौऱ्यावर यायचे होते. शाळेने कमान उभारली, मुलांना उन्हात उभे राहण्याचा सराव दिला, आणि साहेबांना नजर करण्यासाठी एक अल्बम केला. त्यात बारा फोटो होते. अकरांत हेडमास्तर खुर्चीवर होते. बारावा माझा.

साहेबांनी अकरा पाने झरझर उलटली आणि बाराव्यावर बोट ठेवले. "ये ज़िंदा है?"

मी अभिमानाने पुढे झालो. "जी हुजूर, ज़िंदा है."

"अभी तक," साहेब हसून म्हणाले. "जुम्मे की सुबह चलेंगे. मास्टर साहब रास्ता दिखाएँगे."

शिकार झाल्यावर पक्ष्यावर पाय ठेवलेल्या साहेबांचा फोटो मीच काढायचा होता. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शाळेचे नाव निघाले होते.

गुरुवारी मी चाचाच्या वस्तीवर गेलो आणि सगळे सांगितले. तो गवताला दोर बांधत होता. हात थांबले.

"तुमीच दाखवला?"

"हो, चाचा."

त्याने दोर खाली टाकला. मग म्हणाला, "त्येला वाटून राहिलं, ह्या गाडीतून काई वाईट येत न्हाई. किती वर्सं झाली. आता माज्याच गाडीतून गोळी जायची."

"नाही म्हणता येणार नाही का?"

"हुजूरला? तुमी म्हना की. तुमी शिकलेले हाव."

मी शिकलेला होतो म्हणूनच म्हणू शकलो नाही.

शुक्रवारी सकाळी वस्तीजवळ तंबू लागले होते. पोळा नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे हेडमास्तरांना सामान आयते मिळाले. बैलांवर आरशांच्या झुली, शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा. गवत काढून टाकले होते. साटात गादी, गादीवर पांढरी चादर, चादरीवर तक्क्या. चाचाला कोणाचा तरी काळा कोट घातला होता. त्याच्या बाह्या बोटांच्या खाली आल्या होत्या.

हेडमास्तर पूर्वी एकदा चाचाच्या गाडीतून आले होते. त्यांनी त्याला बाजूला घेतले. "हे बघ, हुजूर बसलेले असताना तोंडातून अक्षर निघता कामा नये. तुझ्या व्याह्याची लक्तरं तिथं धुवायची नाहीत. समजलं?"

चाचाने माझ्याकडे पाहिले. मी चाकाकडे पाहिले. जे सांगायचे ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होते, आणि ते सांगितले असते तर साहेब पंचवीस पावलांवर पोचले असते. पण ड्रॉइंग मास्तराने हेडमास्तरांची चूक काढू नये, असा आमच्या शाळेचा शिरस्ता होता. तो मी त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मनापासून पाळला.

"समजलं, हुजूर," चाचा म्हणाला.

साहेब तक्क्याला टेकून बसले, मांडीवर बंदूक. माणूस बोलण्यात अदबीचा होता. मी आणि हेडमास्तर मागच्या कडेला. उंचवट्यावर माळढोक एकटाच उभा होता.

"आप इतने क़रीब कैसे पहुँचे?" साहेबांनी विचारले.

"गोल गोल फिरून, हुजूर," मी म्हणालो. हे खोटे नव्हते.

पहिल्या फेरीला तो दोनशे पावलांवरून उडाला आणि पलीकडच्या बोरींपाशी उतरला. दुसऱ्या फेरीला घुंगरांचा आवाज होतो म्हणून घुंगुरमाळा काढल्या. आता गाडी इतकी शांत झाली की बैलांचा श्वास ऐकू यावा. पक्षी मान ताठ करून आमच्याकडे पाहत होता. ओळखीचे माणूस तोंड फिरवून जावे तेव्हा आपण पाहतो तसा. तो पुन्हा उडाला. ऊन चढत होते, आणि साहेबांनाही नमाजाला परतायचे होते.

तिसऱ्या फेरीच्या आधी साहेबांना शंका आली. ते चाचाच्या पाठीकडे पाहून म्हणाले, "इसकी गाड़ी रोज़ ऐसी ही चुपचाप चलती है?"

चाचाचा कासरा थांबला. उत्तर हेडमास्तरांनीच दिले, मोठ्या उत्साहाने. "नहीं हुजूर, ये तो बहुत बकता है. मैंने मना किया है."

साहेबांनी क्षणभर विचार केला. त्या क्षणावर पक्ष्याचा सगळा जीव टांगलेला होता.

"अच्छा किया," साहेब म्हणाले. "शोर में शिकार नहीं होती."

तिसऱ्या फेरीला मात्र माळढोकाने चूक केली. तो उडाला तो वाऱ्यावर वळून आमच्याच बाजूला आला, तीस-चाळीस पावलांवरून, उंटासारखा सावकाश. साहेब उठून उभे राहिले. मी डोळे मिटले. एक बार झाला, लगेच दुसरा. बैल उधळले, चाचाने त्यांना आवरले, तेही मुक्यानेच. मी डोळे उघडले तेव्हा पक्षी पैनगंगेच्या दिशेने चालला होता, पंखांचे तेच संथ फटकारे, एकही पीस कमी न होता. मी तो डोंगरापलीकडे दिसेनासा होईपर्यंत पाहिला. कॅमेरा माझ्या मांडीवर बंद पडून होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

परत येताना साहेब नेमाविषयी काही बोलले नाहीत, आणि आम्हीही बोललो नाही. तंबूपाशी चाचाने झुली उतरवल्या, कोट काढून घडी केला आणि मशिदीकडे निघण्याआधी माझ्याजवळ येऊन थांबला.

"म्या चूप बसलो, मास्तर. चूप बसा म्हनले, बसलो."

"मीही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि गेला. मी तिथेच एका दगडावर बसलो. माझे मन भरून आले होते. दोन साध्या माणसांनी, एक शब्द न बोलता, सत्तेच्या बंदुकीपासून एक जीव वाचवला होता. ज्या तोंडाने मी त्याला धोक्यात घातले होते, तेच तोंड बंद ठेवून मी त्याचे प्रायश्चित्त घेतले होते. असे बरेच उंच विचार मी त्या दगडावर बसून केले, आणि ते करताना स्वयंपाकाच्या तंबूमागे साहेबांचा खानसामा कोंबड्यांची पिसे काढताना दिसला. चार कोंबड्या होत्या.

"शिकार मिळाली नाही म्हणून आता घाईने आणल्यात वाटतं?" मी विचारले.

"अब्बी कायके," तो पिसे उपटत म्हणाला. "सुबू लिया. तुमे लोगां निकलने के पैले."

मी कोंबड्या पुन्हा मोजल्या.

"साब शिकार कू निकले की मैं मुर्गियाँ लेके रखतूँ," तो म्हणाला. त्याची साहेबांकडे पंधरा वर्षे नोकरी झाली होती, आणि शिकार मिळाली म्हणून आणलेली कोंबडी एकदाही उरली नव्हती.